विंगेतला 'नाही'

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट खोली दिसते. डावीकडे भिंतीला टेकून दोन बाकडी, उजवीकडे वजनाचा काटा, आणि मागच्या अंगाला हिरव्या कापडाचा पडदा, लोखंडी नळीवर कड्यांनी अडकवलेला. त्या पडद्यापलीकडे एक टेबल आणि दोन खुर्च्या. वर पंखा फिरतोय, पण त्याची हवा त्याची त्यालाच पुरत नाहीये. मोठ्या इस्पितळातल्या त्वचाविभागाची ही मागची खोली. बाकड्यांवर सहा-सात माणसं. उकाडा मरणाचा, तरी सगळ्यांच्या बाह्या मनगटापर्यंत, गळ्याशी बटणं लावलेली, एकीच्या तर हातात मोजे. कुणी कुणाकडे बघत नाही, आणि सगळे सगळ्यांकडे बघतात.

पहिल्या बाकड्याच्या टोकाला, त्या हिरव्या पडद्याला अगदी खेटून, एक सडपातळ म्हातारा बसलाय. पाठ ताठ, मान जराशी पुढे, डावा कान पडद्याकडे. असं बसायची त्याला उभ्या जन्माची सवय. तो प्रॉम्प्टर. नाटक चालू असताना विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या अंधारात संहिता मांडीवर घेऊन बसायचं आणि नट अडला की त्याचा शब्द हळूच त्याच्या कानात सोडायचा, हे त्याचं काम. कंपनीत त्याला सगळे 'कानमंत्र' म्हणत. पोरंटोरं 'कानमंत्रकाका' म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं उच्चारलं जाई.

तो काही विंगेत जन्मला नव्हता. तरुणपणी नट होता, आणि चांगला नट होता. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, हा आपल्याशीच बोलतोय. त्याच सुमारास कोपरांवर आणि डोक्यात चट्टे उठायला लागले होते. लाल, वर चंदेरी खपल्या. सोरायसिस हे नाव तेव्हा त्यालाही नीट उच्चारता येत नव्हतं. एका गंभीर नाटकात त्याला वकिलाची भूमिका मिळाली. काळा कोट, डोक्यावर थेट प्रकाशाचा झोत. तो तावातावानं बोलत होता आणि खांद्यांवर पांढरा चुरा पडत होता. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वकीलसाहेबांकडे बर्फ पडतोय वाटतं." सारं नाट्यगृह हसलं. हातावर चट्टे आले तेव्हा नायिकेला त्याचा हात हातात घ्यायचा होता. ती भली बाई होती, तिनं घेतला. पण तिची बोटं आत वळलेली होती, आणि ते त्याला कळलं.

कंपनीचा मालक माणुसकीचा. त्यानं त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "तुझी आठवण फार तल्लख आहे. तू विंगेत बस. तिथे अंधार असतो." बोलताना त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

तो विंगेत बसला तो बसलाच.

आणि काय सांगायचं, त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी उरलं नाही. शब्द सांगणं सोपं असतं. कधी सांगायचा, ते अवघड. नट रंगमंचावर थांबतो तेव्हा ते थांबणं दोन तऱ्हेचं असतं. एक अभिनयाचं, एक विसरल्याचं. अभिनयाच्या थांबण्यात शब्द सोडलात तर प्रसंगाचा चुराडा होतो, आणि विसरल्याच्या थांबण्यात सोडला नाहीत तर माणसाचा. कानमंत्रला हा फरक नुसत्या श्वासावरून कळायचा. मोठमोठे नट त्याला विंगेत बघितल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नसत. अडलेला माणूस त्याला बघवायचाच नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक वस्तूचं नाव आठवत उभं राहिलं तरी हा मागून ते नाव पुरवायचा.

घरी बायको. सगळा जन्म तिनं रोज सकाळी अंथरूण झटकलं, खपल्या सुपलीत भरल्या आणि तोंडानं कधी कुरकूर केली नाही. तोंड मात्र तिला होतं. "अहो, काल प्रयोग फारच रंगलेला दिसतोय," ती सुपलीकडे बघत म्हणायची. "केवढी फुलं उधळलीत तुमच्यावर."

"तुझ्या वाटणीची बाजूला काढून ठेव," तो म्हणायचा.

मलमं झाली, डांबराचा वास येणारी तेलं झाली, गोळ्या झाल्या, उन्हात बसणं झालं. मग एके दिवशी त्वचेच्या डॉक्टरनी विचारलं, एका अभ्यासात येता का? तरुण डॉक्टर होत्या, पण घाई न करता बोलणाऱ्या. त्यांनी दोघांना समोर बसवून समजावलं. नव्या तऱ्हेचं इंजेक्शन आहे. चट्ट्यांवर गुण येतो, हे आधीच सिद्ध झालंय. आता बघायचंय ते असं, की वर्षानुवर्षं घेतलं तर शरीराला काही अपाय होतो का. काहींना हे इंजेक्शन, काहींना जुन्या गोळ्या. कुणाला काय ते संगणक ठरवणार, आम्ही नाही.

"म्हणजे नाटक कसं झालं ते बघायचं नाही," बायको म्हणाली, "नाटक संपल्यावर माणसं घरी नीट पोचतात का ते बघायचं."

डॉक्टर हसल्या. "अगदी बरोबर. म्हणून काही झालं तर आम्हाला सांगायचं. साधा ताप, साधा खोकला. हे इंजेक्शन अंगातली पहारेकऱ्यांची फौज थोडी झोपवतं. चोर शिरला तर लवकर कळायला हवं. सांगणं, हेच तुमचं काम."

सांगणं हेच आयुष्यभर केलंय, असं कानमंत्रच्या मनात आलं. त्यानं सही केली. छातीचा फोटो काढला, रक्त दिलं, आणि संगणकानं त्याच्या पदरात इंजेक्शन टाकलं.

आधी खपल्या गेल्या, मग लाली गेली, मग कोपरांवर चक्क कातडी दिसू लागली, माणसाच्या कातडीसारखी कातडी. एका सकाळी बायकोनं चादर झटकली आणि काहीच पडलं नाही. तिनं पुन्हा झटकली. मग चादर तशीच हातात धरून पलंगावर बसली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही हो. रिकामपण आलं."

त्यानं अर्ध्या बाह्यांचा शर्ट शिवून घेतला. तो घालून तालमीला गेला, तर नव्या नाटकाची दिग्दर्शिका त्याच्या हातांकडे बघतच राहिली. ती त्याच्या मुलीच्या वयाची, पण कंपनीतले जुने किस्से तिला ठाऊक होते. तिच्या नाटकात आजोबांची एक भूमिका होती. दोनच प्रवेश. शेवटी रुसलेल्या नातीचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरून आजोबा चार वाक्यं बोलतात. ती म्हणाली, "काका, हे तुम्हीच करायचं. आणि विंगेत दुसऱ्या कुणाला बसवू, तुम्ही अडलात तर."

"मी अडलो तर कंपनी बंद करा," कानमंत्र म्हणाला, आणि नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यात जाऊन बराच वेळ एकटाच बसला. पहिल्या तालमीत नात झालेल्या मुलीचा चेहरा त्यानं तळव्यांत धरला. तिनं मान मागे घेतली नाही. तिला काही ठाऊकच नव्हतं.

आता त्या लांबट खोलीत परत या. अभ्यासातल्या माणसांना ठरलेल्या दिवशी तिथे यायला लागे. वजन, रक्त, इंजेक्शन, आणि त्याआधी पडद्यामागच्या टेबलाशी प्रश्न. विचारणाऱ्या होत्या अभ्यासाच्या ताई. हसतमुख, मणक्याच्या दुखण्यानं किंचित वाकलेल्या. प्रश्न दर वेळी तेच, त्याच क्रमानं. ताप आला का? रात्री घाम? भूक कमी झाली? दोन आठवड्यांच्या वर खोकला? हाताच्या बोटांना मुंग्या? दुसऱ्याच खेपेला कानमंत्रला ते सगळे तोंडपाठ झाले. ताई तोंड उघडायच्या आत हा "नाही, नाही, नाही" असा तालात म्हणून मोकळा व्हायचा, आणि ताई कागदावर खुणा करत म्हणायच्या, "काका, मला माझं काम तरी करू द्या."

बाकड्यावर त्याच्याशेजारी बसायचा एक बस कंडक्टर. गडी बोलका. येता येता म्हणायचा, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे." त्याच्या बोटांवर चट्टे होते, त्यामुळे लोक तिकिटाचे पैसे त्याच्या हातात न देता आसनावर ठेवायचे. इंजेक्शननं त्याची बोटंही साफ झाली होती. "काका, परवा एका पोरीनं माझ्या हातातून सुटे घेतले," तो एकदा म्हणाला. "घेऊन थँक्यू म्हणाली. मी तिकीट पंच करायचंच विसरलो."

त्याच बाकड्यावर मोजेवाली बाई होती. शिवणकाम करायची. तिनं एका खेपेला ताईंना सांगितलं, की अंगात कणकण असते. तिचं इंजेक्शन थांबवून तपासण्या सुरू झाल्या. पुढच्या खेपेला ती आली ती मानेपर्यंत लाल होऊन. सुई धरता येत नव्हती. तपासण्यांत काय निघालं, कुणी विचारलं नाही. बाकड्यानं आपल्यापुरता निष्कर्ष काढला: खरं बोलली, बाद झाली. काही झालं तर सांगा, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडत होत्या, पण डॉक्टर पडद्यापलीकडे होत्या आणि मोजेवालीचे हात अलीकडे.

नाटकाची तारीख जवळ आली होती. त्या दिवशी कंडक्टर आत गेला तेव्हा कानमंत्र नेहमीसारखा पडद्याला खेटून बसला होता. आतून ताईंचा आवाज येत होता. ताप? "नाही." घाम? "नाही." खोकला?

"खोकला म्हणजे..." कंडक्टर म्हणाला, आणि थांबला.

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. तो थांबला, पंखा फिरत होता, आणि कानमंत्रच्या अंगातली सगळी वर्षं जागी झाली. माणूस अडलाय. ओठांवर शब्द येत नाहीये. त्यानं कसलाही विचार केला नाही. विचार करणारा प्रॉम्प्टर कामाचा नसतो. त्यानं पडद्याकडे मान झुकवली आणि नुसत्या श्वासावर शब्द सोडला, "नाही."

"नाही," कंडक्टर म्हणाला.

"काका, तुमची पाळी अजून यायचीय," ताई आतून हसत म्हणाल्या, आणि बोटांना मुंग्या येतात का ते विचारू लागल्या.

बाहेर आल्यावर कंडक्टरनं कानमंत्रच्या पाठीवर थाप मारली. मग रुमाल तोंडाशी धरून खोकला. "धूळ हो काका, बसमधली," तो म्हणाला. कानमंत्रनं मान डोलावली. त्याला बरंच वाटलं होतं. एक माणूस सावरला, असं वाटलं होतं.

पुढच्या खेपेला शेजारची जागा रिकामी. ताईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं. कंडक्टर वरच्या मजल्यावर भरती होता. टीबी. दोन्ही फुप्फुसं, आणि आता तो आणखी कुठेकुठे पसरला होता. कानमंत्र जिने चढून गेला. दारात त्यालाही तोंडाला मास्क बांधायला लावला. पलंगावर कंडक्टर होता खरा, पण त्याचा गणवेश टांगला असता तर तो जास्त भरीव दिसला असता.

"या काका," तो म्हणाला. "इथे मात्र जागाच जागा आहे."

जन्मात पहिल्यांदा कानमंत्रला शब्द सापडत नव्हता, आणि सांगणारंही कुणी नव्हतं.

"मी सांगणार होतो त्या दिवशी," कंडक्टर म्हणाला. मध्ये दम घेतला. "घरातून ठरवून आलो होतो. बायकोनं शपथ घातली होती. जरा धीर गोळा करत होतो, एवढंच. तेवढ्यात तुमचा शब्द आला."

"मला वाटलं, तू अडलास."

"हो ना. आणि मलाही वाटलं, सुटलो." तो डोळे मिटून पडून राहिला. मग म्हणाला, "तुमच्यावर राग नाही काका. शब्द अगदी वेळेवर आला होता."

कानमंत्र जिना उतरला तो कठड्याला धरून. धीर गोळा करणाऱ्याचं थांबणं. हे तिसऱ्या तऱ्हेचं थांबणं त्याला ठाऊकच नव्हतं. रंगमंचावर ते कधी होत नाही, तिथे पुढचं वाक्य लिहिलेलं असतं.

घरी आला तर बायको त्याच्या उशीचा घामानं भिजलेला अभ्रा वाळत घालत होती. गेले काही दिवस ती रोज घालत होती. दोघंही त्याबद्दल मूग गिळून होती.

"खपल्या बऱ्या होत्या," ती अभ्र्याकडे बघतच म्हणाली. "झटकल्या की काम संपायचं. हे वाळतच नाही."

"तालमीचा शीण आहे गं."

"शीण रोज तिन्हीसांजेलाच बरा येतो? घड्याळ बघून?"

ताप होता, हे त्यालाही कळत होतं. बाकड्यावर शेजारी खोकणारा माणूस आठवत होता, अंगातली झोपवलेली फौज आठवत होती. सांगावं तर इंजेक्शन जाणार. इंजेक्शन गेलं की हात जाणार. हात गेले की नातीचा चेहरा जाणार. चार वाक्यं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं घातल्यावर स्वतःची चार. प्रयोग होईपर्यंत गप्प बसलं तर? एवढं काय बिघडणार आहे?

"तुम्ही सांगणार नसाल तर मी जाऊन सांगते," बायको म्हणाली. "मग आयुष्यभर बोलू नका माझ्याशी. पण आयुष्य असू दे."

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी नव्हती, तरी तो गेला. पडद्यामागे खुर्चीत बसला आणि ताईंनी कागद पुढे ओढायच्या आत म्हणाला, "ताप आहे. घाम आहे. खोकला आता सुरू झालाय. आणि कंडक्टरला त्या दिवशी 'नाही' मी सांगितलं."

ताईंनी पेन खाली ठेवलं.

"मी ऐकलं होतं काका," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुमची नेहमीची गंमत. मी तेव्हाच पडदा बाजूला सारून त्याला परत विचारायला हवं होतं. डॉक्टरांना मी हे सांगितलेलं नाहीये अजून."

त्या मोठ्या इस्पितळात, एवढ्या यंत्रांमध्ये, दोघांना करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मग दोघं उठून डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरनी दोघांचं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं दोघांनाही वाटलं.

इंजेक्शन थांबलं. कानमंत्रच्या छातीतही तेच निघालं, पण वेळेत सापडलं. गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला. आणि अंगावरच्या पाहुण्या, त्या खपल्या, परत आल्या. आधी कोपरं, मग डोकं, मग तळवे. तळव्यांवर पूर्वी कधी नव्हत्या, तिथेही आल्या. दिग्दर्शिका घरी आली. दारातच रडली. भूमिका दुसऱ्याला द्यावी लागणार होती, तारीख तोंडावर आली होती. "बरे झालात की विंगेत या, काका. जागा तुमचीच आहे," ती म्हणाली.

"खोकणारा प्रॉम्प्टर कशाला हवाय तुला?" तो म्हणाला. "प्रेक्षक माझंच नाटक ऐकत बसतील."

प्रयोग झाला. तो गेला नाही. बायको म्हणाली, मी तरी जाऊन येते. मग तीही गेली नाही. दोघं घरात बसून राहिली, आणि ज्या वेळी शेवटचा प्रवेश सुरू व्हायचा त्या सुमाराला तो उठून खिडकीशी गेला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडे बघत उभा राहिला.

कंडक्टर गेला. औषधांना त्याच्या फुप्फुसांनी दाद दिली नाही. कानमंत्र त्याच्या घरी गेला होता. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, बसा म्हणाली. "तुमच्याबद्दल फार बोलायचे," ती म्हणाली. काय बोलायचे, ते तिनं सांगितलं नाही आणि यानं विचारलं नाही. पेला रिकामा होईपर्यंत बसला आणि उठला.

शेवटचा प्रवेश पुन्हा त्याच लांबट खोलीतला. पण खोली बदललीय. बाकडी तिथे नाहीत, ती बाहेर वऱ्हांड्यात हलवलीत. हिरव्या पडद्याच्या जागी पातळ लाकडाची भिंत आणि तिला दार. कानमंत्रमुळे झालेला बदल, असं कुणी बोलून दाखवत नाही. कानमंत्र पूर्ण बाह्यांच्या शर्टात खुर्चीत बसलाय, शेजारी बायको. समोर डॉक्टर आणि ताई.

डॉक्टर म्हणाल्या, "औषध आता तुम्हाला परत देता येणार नाही. पण मी विचारायला आलेय, तुम्ही अभ्यासात राहाल का? औषध थांबवल्यावर पुढे माणसाचं काय होतं, तेही कळायला हवं. नाही म्हणालात तरी टीबीचे आणि त्वचेचे उपचार चालूच राहतील. त्यात फरक पडणार नाही."

"म्हणजे यांना काही मिळायचं नाही," बायको म्हणाली. "यांच्याकडून घ्यायचं."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "तसंच आहे. काकू, खोटं कशाला सांगू?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो थांबला होता. मान खाली, तळवे मांडीवर उघडे, लाल. ताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरही गप्प राहिल्या. कुणी कुणाला काही पुरवलं नाही. बाहेर वऱ्हांड्यात कुणाचा तरी नंबर पुकारला गेला आणि बाकडं करकरलं.

मग त्यानं मान हलवली, होकाराची. ताई उठल्या, दार लावून घेतलं, परत येऊन बसल्या आणि पहिला प्रश्न वाचायला लागल्या.

"सावकाश विचारा, ताई," तो म्हणाला. "मला आता काही पाठ नाही."